विमानाचे पंख आणि एक चकती



आमच्या नागऱ्यापासून बिरसीचा विमानतळ फार दूर नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें धांवपट्टी झाली. आज तेथें वैमानिक घडविणारी शिक्षणसंस्था आहे. एखादें विमान उतरूं लागलें कीं त्याच्या पंखांकडे निरखून पाहावें. मागच्या कडेचा एक भाग खालीं झुकलेला दिसतो. त्यास फ्लॅप, म्हणजे पंखाची झडप, म्हणतात. मोठ्या विमानांत पुढच्या कडेसही सरकती पट्टी असते. तिचें नांव स्लॅट. या दोहोंच्या योगानें पंखाची उचलून धरण्याची शक्ति वाढते व विमान कमी वेगानें निर्धोक उतरूं शकतें.

प्रत्येक उड्डाणांत हे भाग बाहेर येतात आणि परत आंत जातात. जें हलतें तें झिजतें. म्हणून त्यांचे रूळ, स्क्रू व बोल्ट केव्हां आणि कसे तपासावे याचे नियम केले जातात. अमेरिकेंत सामान्यतः असा नियम करण्यापूर्वीं मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागवितात; धोका तातडीचा असल्यास मात्र आदेश आधीं निघतो. मसुदा हा वरवर पाहतां रुक्ष कागद. परंतु त्यावर बोलण्याचा हक्क किती मोलाचा आहे, हें एका घटनेवरून कळेल.

ता. 20 ऑगस्ट 2007 रोजीं तैवानहून निघालेलें चायना एअरलाइन्सचें बोइंग 737-800 जातीचें विमान जपानांत ओकिनावा बेटावरील नाहा येथें सुखरूप उतरलें. उतरल्यावर स्लॅट आंत घेतल्या गेल्या, तोंच रुळाजवळून निसटलेला एक बोल्ट उजव्या पंखांतील इंधनाच्या टांकींत घुसला. इंधन गळूं लागलें आणि विमान थांबतांच आग भडकली. विमानांतील सर्व 165 जण वांचले. विमान मात्र जळून गेलें. पांच दिवसांच्या आंत अमेरिकेनें तपासणीचा तातडीचा आदेश काढला.

जपानी चौकशींत असें दिसून आलें कीं, नटाखालची चकती, जिला आपण वॉशर म्हणतों, ती बहुधा आदल्या महिन्याच्या कामांत गळून पडली होती. चकतीवांचून तो नट भोंकांतून सरळ निसटूं शकत होता. विशेष हें कीं, तें काम हाच नट सैल होऊं नये म्हणून, विमान बनविणाऱ्या कंपनीच्या सूचनेवरून केलेलें होतें! जागा अरुंद; हातांतलें काम डोळ्यांस नीट दिसत नसे. सूचना लिहिणाऱ्यांनीं ही अडचण पुरेशी लक्षांत घेतली नाहीं, आणि काम करणाऱ्यांनींही ती वरिष्ठांस कळविली नाहीं.

तात्पर्य, "तपासा आणि घट्ट करा" एवढें लिहिल्यानें नियम पुरा होत नाहीं. त्या जागीं हात पोंचतो काय? काम झाल्यावर दुसऱ्या माणसास तें पाहतां येतें काय? एखादा लहान तुकडा राहून गेला तर तें लगेच उमगेल काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मसुद्यांतच असलीं पाहिजेत, आणि तीं पाना हातीं धरणाराच देऊं शकतो.

आमच्याकडे बैलगाडी जुंपणारा माणूस निघण्यापूर्वीं आसाची खीळ हातानें चांचपून पाहात असे; कारण गाडींत त्याचींच मुलें बसत. नागपुरास मिहानमध्यें मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचें केंद्र आहे. आमच्या जिल्ह्यांतील जीं मुलें असल्या कामास लागतील, त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, काम अवघड वाटलें तर तसें लेखी कळवा. ती कुरकुर नव्हे, तें कर्तव्य होय. न बोललेल्या अडचणीची किंमत आकाशांत बसलेल्यांस द्यावी लागते.