सिंधू आणि सुधाकर : सामर्थ्याची तुलना

शोकांतिका, म्हणजे स्वभावातील एखाद्या दोषापायी नायकाचा होणारा विनाश दाखवणारे नाटक, या प्रकारात राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चे स्थान मोठे असून, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील सिंधूची भूमिका नट बालगंधर्वांनी अविस्मरणीय केली. सिंधूचा पती सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. परंतु न्यायालयातील अपमानाने दुखावलेला त्याचा मानीपणा मद्यपी तळीरामाने पुढे केलेल्या दारूच्या पहिल्या प्याल्यात विसावा शोधतो, आणि पुढे पश्चात्ताप होऊनही दारू सोडण्याचा त्याचा निश्चय टिकत नाही. त्याउलट सिंधू माहेरच्या संपत्तीचा आधार नाकारून दळण दळते, संसार सावरते आणि पतीच्या हातून प्राणांतिक आघात झाल्यावरही त्याच्यावर आळ येऊ देत नाही. निर्धाराच्या कसोटीवर म्हणूनच पत्नी निःसंशय श्रेष्ठ ठरते. मात्र पातिव्रत्य, म्हणजे पतीवरील अढळ निष्ठा, या एकाच मूल्याशी तिचे सारे सामर्थ्य बांधले गेल्यामुळे ते विनाश सोसू शकते, रोखू शकत नाही; सुधाकराची दुर्बलता आणि सिंधूची ही केवळ सोसणारी शक्ती यांच्या संयोगातूनच या नाटकातील शोक इतका खोल होतो.