कोणत्या गावचा होय रे?

(शिरपूर जैन येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

राजेहो, दिवसभराच्या उन्हानं जमीन अजून तापलेली आहे, तरी तुम्ही सतरंजीवर बसलात याबद्दल आभार. विषय मला 'वंशभेद' असा दिला होता. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांबद्दल काही सांगा, अशी अपेक्षा होती. मी म्हटलं, सांगतो. पण मला अमेरिकेला जायचं तरी मालेगाव फाट्यावरूनच जावं लागतं.

आपल्या गावाला परक्या माणसाची सवय आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गुजरातेतून, राजस्थानातून गाड्या येतात. मंदिराला १९८१ पासून चाळीसहून जास्त वर्षं कुलूप होतं, ते २०२३ मध्ये उघडलं. दिगंबर-श्वेतांबर वादात मी शिरत नाही, एवढी वर्षं न्यायालयांना जे पेललं नाही ते मला एका व्याख्यानात कुठून पेलणार! सांगायचं ते वेगळंच आहे. गाडीतून उतरलेला माणूस गुजरातीत काहीतरी विचारतो. आपल्याला अर्धंच कळतं. तरी आपण 'या शेठ' म्हणतो आणि वाट दाखवायला दहा पावलं बरोबर जातो. त्याच सुमारास गावाबाहेरच्या पडीत पारध्यांची पालं पडलेली असतात. तिथली बाई पोराला ज्या बोलीत हाक मारते, ती बोलीसुद्धा गुजरातीच्याच नात्यातली. तिचा नवरा हॉटेलवर चहा प्यायला आला, की गल्ल्यावरून प्रश्न येतो, "कोणत्या गावचा होय रे?"

प्रश्नात वाईट काही नाही. लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्यांनाच विचारतो. गडबड त्या 'रे'मध्ये आहे. समोरचा माणूस साठीचा आणि विचारणारं पोरगं मिसरूड न फुटलेलं, तरी 'रे'. मराठीनं आपल्याला तू, तुम्ही, आपण असे तीन दरवाजे दिलेत. त्यातल्या कुठल्या दरवाजातून कुणाला आत घ्यायचं, हे तोंड उघडायच्या आधीच ठरलेलं असतं.

हाच प्रश्न आपल्याला झाला की मात्र झोंबतो. मी पुण्यात खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट. घरमालकाशी बोलताना तोंडातून 'काहून' गेलं. गृहस्थ हसले. "विदर्भातले का? आम्हाला जरा शांत मुलं हवी होती." चार मिनिटं बोललो होतो, त्यात माझा काय गोंधळ त्यांना ऐकू आला देव जाणे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा चाकणला असेल, कुणाचा भाचा परदेशात असेल, त्याला विचारा. 'पण मूळचे तुम्ही कुठले?' हा प्रश्न तिथं तो आठवड्यातून किती वेळा गिळतो, ते सांगेल. आणि २००८ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार मार खाण्याच्या भीतीनं गाड्या भरभरून गावी गेले, तेव्हा तो प्रश्न विचारणारे आपणच मराठी लोक होतो.

आता घरातलं सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत टाकणकरीण यायची. "टाकी लावा वो, पाटा-जातं" अशी हाळी. पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. मग त्याला टाकी मारून घ्यावी लागते. ती अंगणाच्या कडेला उकिडवी बसायची, पाटा दोन पायांत धरायची आणि छिन्नीवर हातोडीचे बारीक ठोके घालायची. एकसारखे. दगडावर ओळीनं ठिपके उमटत जायचे आणि तिच्या पापण्यांवर पांढरी पूड बसायची. काम झालं की ती पाट्यावरून तळवा फिरवून बघायची. मोबदला पसाभर ज्वारी. पाणी मागितलं तर ओंजळीत, वरून.

ती फाटकाबाहेर पडली रे पडली, की आजी आईला म्हणायची, "भांडे मोजून घे वं." आई मोजायची. पुढं मोजायचं काम माझ्याकडे आलं. पितळी तांबे, गडवे, पेले, दोन घागरी, सगळी मिळून एकवीस. एकवीसचीच एकवीस भरायची. इतक्या वर्षांत एकदाही कमी निघाली नाहीत. तरी पुढच्या खेपेला मोजणी व्हायचीच. आजी दुष्ट नव्हती, आल्यागेल्याला जेवू घालणारी बाई. भांडी मोजणं ही तिच्या लेखी साफसफाई होती, झाडून काढल्यासारखी.

ही सवय आजीला कुठून लागली याचा शोध मी पुढं घेतला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात वऱ्हाडातल्या या जाती-जमाती नोंदलेल्या आहेत, टाकणकरही आहेत. पण नोंद करणं वेगळं आणि नजर ठेवणं वेगळं. ती नजर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कायम केली. एखादी जमात सरकारनं अधिसूचित केली, की तिच्यात जन्मलेलं मूलही संशयित. नावनोंदणी, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती, लोक तिला 'सेटलमेंट' म्हणत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे या कायद्यानंतर चारच वर्षांनी. त्या व्यासपीठावरून कुणी यावर बोललं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला उगाच वाटतं.

स्वातंत्र्य आलं तरी यांची सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन. पाठोपाठ १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचं नाव गेलं, वही राहिली. सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवरचे भेद रद्द केले, तेव्हा विमुक्त जमातींच्या माणसांना उगाच अटक करू नका, हेही पोलिसांना बजावावं लागलं. बहात्तर वर्षांनी!

कागदाची गंमत पुढं आहे. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाला एका गावात टिकू दिलं नाही, त्यानं आजोबा कोणत्या गावचा हे सिद्ध करायचं. आजोबाचं नाव कुठं लिहिलेलं असलंच तर ते पोलिसांच्या वहीत. ज्यांची रोज हजेरी घेतली ते आणि बाकीचे भटके मिळून देशात एकूण किती, याचे नुसते अंदाज आहेत. रेणके आयोगानं २००८ मध्ये दिलेला अंदाज दहा कोटींच्या वरचा. १९३१ नंतर कुणी नीट मोजलंच नाही.

राईनपाड्याबद्दल बोलायचं टाळणार होतो. पण आपल्याच गावात जानगीर महाराजांचं संस्थान आहे, म्हणून बोलतो. नावातला 'गीर' गोसाव्यांचा. फिरस्त्या गोसाव्यापुढं आपण डोकं टेकवतो, भंडाऱ्याला पंगती उठवतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला रविवारचा बाजार होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत तिथं पोचली होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाच जण मेले. २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली.

राईनपाडा आदिवासी वस्तीचं गाव. मारणारे काही पिढीजात जमीनदार नव्हते, तेही कष्टकरीच. त्यांनीही आधी हाच प्रश्न विचारला असणार, कोणत्या गावचे? उत्तर खरं होतं. पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

माझ्या आजीच्या भांडी मोजण्यापासून राईनपाडा फार लांब आहे, असं मला पूर्वी वाटायचं. आता तितकं लांब वाटत नाही. मिक्सर आल्यापासून टाकणकरीण गल्लीत येत नाही. पाटा मागच्या अंगणात उभा करून ठेवलाय, त्यावरचे ठिपके झिजून गेलेत.

आजी गेली, तेव्हा तेराव्यानंतर तिची पितळी भांडी चार सुनांत वाटायला काढली. मोजायला अर्थात मीच बसलो. दोनदा मोजली. एकोणीस भरली. चारही सुना एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी आत्या म्हणाली, "जाऊ दे रे, घरातच असतील कुठं." आणि सगळ्यांना ते पटलं.