एका आज्ञेने शुद्धलेखन



जुन्या मराठी पुस्तकाचे कोणतेही पान उघडावे, तो ओळीओळीवर अनुस्वारांची पखरण दिसते. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’, ‘नांव’ हे शब्द त्या काळच्या ग्रंथांत असेच भेटतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही, त्यांपैकी बहुतेकांस ह्या नियमांनी निरोप दिला. आता तीच जुनी पुस्तके संगणकावर उतरविली जात आहेत आणि ती आजच्या लेखनात वाचावयास मिळावीत, अशी इच्छा पुष्कळांस होते. शेकडो पानांतील शब्द हाताने बदलीत बसण्यापेक्षा एका आज्ञेने हे काम उरकता येईल काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

साधन तर हाताशी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहोन यांनी १९७३-७४ च्या सुमारास ‘सेड’ नावाचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो आजही असंख्य संगणकांवर चालतो. त्याची रीत जकातनाक्यावरील कारकुनासारखी आहे. फाइलमधील ओळी एकामागून एक त्याच्यापुढे येतात. प्रत्येक ओळीस तो दिलेला नियम लावतो, ती पुढे सोडतो आणि दुसरी घेतो. नियम कसा द्यावयाचा, तो ऐका : एस, तिरपी रेघ, ‘नाहीं’, तिरपी रेघ, ‘नाही’, तिरपी रेघ, जी. एस म्हणजे बदल कर. पहिल्या दोन रेघांमध्ये काय शोधावयाचे ते, पुढच्या दोहोंमध्ये त्याच्या जागी काय घालावयाचे ते. शेवटचा जी गाळला, तर प्रत्येक ओळीतील पहिलाच ‘नाहीं’ बदलतो, बाकीचे तसेच राहतात.

हा नियम निर्धोक आहे. ‘नाहींत’ हा शब्द आला, तर त्याचेही ‘नाहीत’ होते आणि तेच योग्य आहे. परंतु ह्याच धाडसाने ‘कां’ ह्याचे ‘का’ करा असे सांगितले, तर काय होईल? ‘तूं कां आलास’ हे सुधारेल खरे, पण ‘लोकांना’चे ‘लोकाना’ होईल आणि कांद्याचा ‘कादा’ होईल! कारण सेडला शब्द ठाऊक नसतात, केवळ अक्षरांचा नमुना ठाऊक असतो. म्हणून मागेपुढे मोकळी जागा असेल तरच बदल कर, असे बंधन घालावे लागते. ते घातले, की प्रश्नचिन्हास चिकटलेला ‘कां’ निसटतो. त्यासाठी नमुना आणखी नेमका करावा लागतो.

कोणी म्हणेल, सगळेच अनुस्वार पुसून टाकावेत. तसे केल्यास संतांचे ‘सत’ होतील आणि आमच्या अमरावतीची अंबादेवी ‘अबादेवी’ होईल. आमच्या मोर्शीकडचेच उदाहरण घ्या. जुन्या लेखनात ‘संत्र्यांच्या बागेंत’ असे लिहीत. ह्यात तीन अनुस्वार आहेत. पहिला उच्चाराचा, दुसरा अनेकवचनाचा, म्हणून ते दोन्ही राहतात. तिसरा मात्र जातो. एकाच चिन्हाची तीन नाती, आणि यंत्रास मात्र तिन्ही ठिकाणी एकच टिंब दिसते.

खरी अडचण ह्याच्याही पुढे आहे. ‘बाजारांत गर्दी होती’ हे जुने वाक्य पाहा. ते एकट्या मोर्शीच्या बाजाराविषयी असेल, तर आज ‘बाजारात’ असे लिहावे लागेल. वऱ्हाडातील अनेक बाजारांविषयी असेल, तर ‘बाजारांत’ हेच रूप कायम राहील. जुन्या लेखनात दोन्ही रूपे सारखीच होती. तेव्हा येथे कितीही चतुर नमुना रचला, तरी निर्णय अक्षरांवरून होत नाही. मागचे वाक्य वाचणारा माणूसच तो करू शकतो.

आणि झालेला बदल उलटविता येईलच असेही नाही. जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे मनुष्याचे नाव आणि ‘नाव’ म्हणजे नदीतील होडी. आज दोन्ही ‘नाव’च. एकदा आज्ञा चालवून मूळ प्रत टाकून दिली, तर नवी आज्ञा होडीवरही अनुस्वार चढवील.

म्हणून कामाची रीत अशी ठेवावी. ज्यांविषयी शंका नाही, अशा शब्दांचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये, ओळीस एक याप्रमाणे लिहावेत. ते क्रमाने लागतात आणि आधीच्या नियमाने बदललेली ओळच पुढच्या नियमापुढे येते, हे ध्यानात असावे. संशयित शब्द बदलू नयेत. ‘ग्रेप’ ह्या भावंड प्रोग्रामाकडून त्या ओळी क्रमांकासह केवळ दाखवून घ्याव्यात आणि निवाडा स्वतः करावा. शेवटी ‘डिफ’ने जुनी व नवी प्रत ताडून पाहावी. सेड आपण होऊन मूळ फाइलीस हात लावीत नाही, फल पडद्यावर दाखवितो. परंतु ते फल त्याच नावाच्या फाइलमध्ये वळविले, तर सेडने वाचण्यापूर्वीच शेल ती फाइल रिकामी करून ठेवते! नवी प्रत नेहमी नव्या नावाने करावी.

आपल्या घरीही आजोबांची रोजनिशी, पणजीची पत्रे असतील. ती संगणकावर उतरविताना प्रथम जशीच्या तशी उतरवावीत, अनुस्वारांसह. आजच्या लेखनातील प्रत त्यावरून हवी तेव्हा करता येईल आणि तीत चूक निघाली, तर पुन्हा करता येईल. मूळ लेखन मात्र आपण एकदाच गमावू शकतो. तेवढे जपावे, ही विनंती.