वर्गांतील उजेड

आजच्या भाषणांत मुळांतच एक विसंगति आहे. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें, त्यांच्यांपैकीं पुष्कळांना तें ऐकूं जाणार नाहीं. छापून आल्यावरच तें त्यांच्या हातीं पडेल.

आमच्या डोळखांबाकडे पाऊस फार. झड आंत येऊं नये म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत आणि भर दुपारीं काळोख होई. तिकडील एका शाळेंत मी शिकवीत असतां एक मुलगा जूनपासून मख्ख बसे. मीं त्याला मठ्ठ ठरवून शेवटच्या बांकावर धाडलें. दिवाळीनंतर खिडक्या उघडल्या आणि तो उत्तरें देऊं लागला. तेव्हां उमगलें कीं, त्याला जवळजवळ ऐकूंच येत नाहीं; तो माझे ओंठ वाचीत आहे!

बहिऱ्याचा कान म्हणजे उजेड. बोलणाऱ्याच्या तोंडावर प्रकाश हवा, मुलें अर्धवर्तुळांत बसावींत, म्हणजे एकमेकांचे चेहरे व हात दिसतात. आपल्या देशांत मूकबधिरांची पहिली शाळा मुंबईस माझगांवीं १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनीं काढली. काळ मात्र विचित्र होता. १८८० सालीं इटलींतील मिलान येथें शिक्षकांची परिषद भरली व हातांच्या खुणा टाकून केवळ मुखानेंच शिकवावें असा ठराव झाला. ठराव करणारे बहुतेक ऐकूं येणारे! त्याबद्दल खेद प्रकट व्हावयास व्हँकूव्हरची २०१० ची परिषद उजाडावी लागली. तरीहि अशा शाळांचा एक उपयोग कोणत्याहि ठरावास रोखतां आला नाहीं. गांवोगांवीं एकएकटीं पडलेलीं मुलें एका छपराखालीं आलीं, आणि जेवणाच्या पंगतींत, अंगणांत त्यांची हातांची भाषा वाढली.

याच्या उलट दुसरी वास्तु. १८९० सालीं मुंबईंत माटुंग्यास कुष्ठरोग्यांचा आश्रम उभा राहिला. तोच पुढें वडाळ्याचें ॲकवर्थ रुग्णालय. हे हॅरी ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे जमवून प्रसिद्ध करणारे तेच. पोवाड्यांसाठीं मराठी माणूस त्यांना दुवा देतो, तो योग्यच. परंतु रस्त्यावर भीक मागणारा रोगी दृष्टीआड व्हावा, ही शहराची इच्छाहि त्या आश्रमामागें होती. आंत औषधपाणी व अन्न मिळे, हें खरें. पण कुंपण बाहेरच्यांच्या समाधानासाठीं होतें.

२०१६ च्या कायद्यानें कुष्ठमुक्त माणसासहि अपंगांच्या हक्कांत घेतलें आहे, आणि सार्वजनिक इमारती सर्वांस सुगम कराव्यात असें सांगितलें आहे. त्यामुळें शाळांच्या पायऱ्यांशेजारीं उतार बांधलेले दिसतात. फार चांगलें झालें. पण वर्गांत गुरुजींच्या तोंडावर उजेड पडतो कीं नाहीं, हें पाहणारा निरीक्षक मला अद्याप भेटलेला नाहीं.

त्या मुलास मीं पुढच्या बांकावर, खिडकीकडे पाठ करून बसविलें व स्वतः उजेडाकडे तोंड करून शिकवूं लागलों. तो वरच्या वर्गांत गेला. मागच्या बांकावरचे त्याचे चार महिने मात्र मला परत देतां आले नाहींत.