हंटरवाली आणि खाष्ट सासू

(जालना येथे महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपल्याकडे बाईला टोमणा मारायला सिनेमातली दोन नावं फार सोयीची आहेत. एखादी पोरगी तोंड वर करून बोलली, मोटारसायकल चालवायला लागली, की म्हणतात, "आली हंटरवाली." आणि घरात सासू जरा कडक असली की, "सासू कसली, ललिता पवारच आहे ती!" आपण बायासुद्धा हे बोलून हसतो. आज ही दोन नावं मी थोडी उलगडून बघणार आहे, कारण त्यामागे दोन कष्टकरी बायांची आयुष्यं आहेत.

सुरुवात जरा लांबून करते. १९१४ साली अमेरिकेत 'द पेरिल्स ऑफ पॉलीन' नावाची चित्रपटमालिका आली. सिनेमा अजून मुका होता. दर भागात नायिका संकटात सापडायची, आणि पुढे काय झालं ते बघायला लोक पुन्हा तिकीट काढायचे. नायिका होती पर्ल व्हाईट. ती स्वतः उड्या मारायची, धावत्या गाडीवर चढायची. या कामात तिच्या पाठीला कायमची दुखापत झाली. पुढे निर्मात्यांनी अवघड कामांसाठी तिच्या जागी दुसऱ्या माणसांना उभं करायला सुरुवात केली. १९२२ साली असाच तिचा वेष घेतलेला एक जण न्यूयॉर्कमध्ये उडी मारताना पडून मेला. म्हणजे पडद्यावरचं संकट खोटं, पण पाठ खरीच मोडायची. हे लक्षात ठेवू या.

ही लाट मुंबईतही आली. वाडिया बंधूंनी १९३३ साली परळला 'वाडिया मूव्हीटोन' काढली आणि १९३५ साली होमी वाडियांनी 'हंटरवाली' दिग्दर्शित केला. नायिका नादिया. खरं नाव मेरी इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. ती लहानपणीच मुंबईत आली. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. तिने दुकानात विक्रेती म्हणून काम केलं, नाच शिकली, सर्कशीत गेली. 'हंटरवाली'त ती राजकन्या आहे. वडिलांवर अन्याय होतो तेव्हा तोंडावर मुखवटा आणि हातात चाबूक घेऊन ती घोड्यावर बसते आणि दुष्टांना झोडपते. चित्रपट तुफान चालला. पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली. १९४० सालच्या 'डायमंड क्वीन'मध्ये तर ती बायांच्या शिक्षणाबद्दल आणि स्वातंत्र्याबद्दल सरळ बोलते. ज्या काळात बरीच घरं मुलीला सिनेमा बघायलाही पाठवत नव्हती, त्या काळात ही बाई पुरुषांना उचलून फेकत होती आणि पुरुषच शिट्ट्या मारत होते!

हे कसं चाललं? एक कारण आपण स्पष्ट बोलू. नादिया गोरी होती, परकी होती. आपल्या घरातली सून किंवा लेक अशी वागेल ही भीती तिच्याकडे बघताना वाटत नव्हती. लांबच्या बाईचं धाडस बघायला आवडतं, घरातल्या बाईचं चालत नाही. पण म्हणून तिचं श्रेय कमी होत नाही. ती बहुतेक कसरती स्वतः करत होती, आणि १९६८ सालच्या 'खिलाडी'त, साठीला आलेली असताना, ती पुन्हा पडद्यावर उभी राहिली. १९९६ साली ती गेली. आपल्याकडे तिच्या कामातलं टोमण्यापुरतं एक नाव तेवढं उरलं.

आता दुसरी बाई. ही तर आपल्याच मुलखातली, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची. १९१६ सालचा जन्म, माहेरचं नाव अंबा सगुण. मूकपटाच्या काळात ही मुलगी सिनेमात आली. १९३१ सालच्या 'दिलेर जिगर' या साहसपटात ती नायिका होती, रस्त्यावर कसरती करून पोट भरणाऱ्या जोडीतली सारंगा. त्या काळातले आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. हा मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात शिल्लक आहे. म्हणजे 'हंटरवाली'च्या चार वर्षं आधी एक मराठी मुलगी साहसपटाची नायिका होती. पुढे तिने स्वतः चित्रपटनिर्मितीही केली. १९३७ सालचा 'दुनिया क्या है' तिचाच. हीच ललिता पवार.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण चालू होतं. एका प्रसंगात सहकलाकार मास्टर भगवान यांनी तिला थप्पड मारायची होती. हात चुकून जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार जवळपास तीन वर्षं चालले. तेव्हा तिचं वय होतं सव्वीस.

इथे मी जरा थांबते. हा किस्सा सिनेमाच्या मासिकांत अनेकदा छापून आला आहे, आणि नेहमी 'दुर्दैवी अपघात' म्हणून. नशिबाची गोष्ट म्हणून. पण आपण बाया तो दुसऱ्या बाजूने वाचू. ती कामावर होती. काम करताना तिला इजा झाली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झालेला होता, पण तो कारखाने, खाणी, रेल्वे अशा ठिकाणच्या कामगारांसाठी. नटीला कामगार समजायचं कुणाच्या मनात नव्हतं. सिनेमातल्या कामगारांसाठी केंद्राचा वेगळा कायदा व्हायला १९८१ साल उजाडलं.

मग ललिताबाईंनी काय केलं? त्या परत आल्या. नायिकेची कामं संपली होती, म्हणून चरित्र भूमिका घेतल्या. १९५० साली व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. वय चौतीस! १९५५ साली 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या मधुबालाची आत्या झाल्या. त्यातली आत्या म्हणजे आपल्यासारखीच, बायांच्या हक्कांसाठी भाषणं देणारी, आणि अख्खा सिनेमा तिची चेष्टा करतो. गंमत बघा, अशोककुमार ललिताबाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठे. १९५८ सालच्या 'हावडा ब्रिज'मध्ये ते त्याच मधुबालाचे नायक होते. पुरुषाचं वय वाढलं तर तो भारदस्त होतो, बाईचं वाढलं तर ती सासू होते. आणि चेहऱ्याला इजा झाली असेल तर दुष्ट सासू. अधू डोळा म्हणजे वाकडी नजर, वाकडी नजर म्हणजे वाईट बाई, हे समीकरण जुनंच आहे. १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त कान भरणारी मंथराही त्यांनाच करावी लागली.

तरी त्या बाईची जिद्द बघा. ज्या डोळ्याने नायिकापद घालवलं, त्याच डोळ्याने तिने लोकांना थरकाप आणला. आणि 'अनाडी'तली मिसेस डिसा आठवा, वरून खेकसणारी, आतून मायाळू. १९५९ सालच्या त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्या पुण्यात वारल्या.

आता हे सगळं इथे, जालन्यात, कशाला सांगायचं? आपल्यातल्या कितीजणी घनसावंगी, अंबड, परतूरकडून कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पायाला कोयता लागला तर चिंधी बांधून पुन्हा फडात, कारण खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर फुलं क्रॉस करताना दिवसभर कंबर वाकते. त्या दुखण्यालाही आपण नशीबच म्हणतो. मुकादम नशीब म्हणतो ते समजू शकतं, त्याच्या सोयीचं आहे. आपण का म्हणायचं?

म्हणून प्रत्येक गटाला माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एक वही घाला. कामावर कुणाला काय लागलं, कुठे, कोणत्या तारखेला, तेव्हा काम कोणाचं चालू होतं, दवाखान्याचा खर्च कुणी केला, किती दिवस मजुरी बुडाली, एवढं लिहून ठेवा. दवाखान्याचा कागद जपून ठेवा. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर तोंडी सांगणं पुरत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या. तिलाही कळेल की आईला लागलं ते नशिबाने नाही, कामावर लागलं.

आणि आणखी एक. यापुढे तुम्हाला कुणी हंटरवाली म्हणालं तर खुशाल "हो" म्हणा. आणि सासूला ललिता पवार म्हणायच्या आधी विचारा, तिला कधी, कुठे, काय लागलं होतं? तिच्या दुखण्याचं पानही त्याच वहीत लिहायचं आहे.