समुद्राचे दफ्तर : स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागताध्यक्षाची निवड त्याच्या विद्वत्तेपेक्षा उतरण्याच्या व जेवणाखाणाच्या बंदोबस्तावर नजर ठेवूनच बहुधा होत असल्यामुळे, समुद्र, वातावरण आणि जलचर यांविषयी आपल्यासारख्या अधिकारी मंडळींपुढे मी काही नवे सांगावे अशी कोणाची अपेक्षा नसेल. तथापि ज्या अलिबागेत आपण जमला आहात तिचा शास्त्रीय निरीक्षणाशी असलेला जुना ऋणानुबंध सांगण्याचा हक्क मात्र मी सोडणार नाही.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा 1826 साली स्थापन झाली आणि 1841 पासून तेथे चुंबकीय वेध नियमाने घेतले जाऊ लागले. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागले, तेव्हा त्या प्रवाहाने नाजूक उपकरणे बहकतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी बंदरापलीकडची ही जागा पसंत केली. आणि, मला ज्याचे विशेष कौतुक वाटते ते हे की, 1904 पासून 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन जुन्या-नव्या नोंदींची रुजुवात पाहिली, मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविले. एवढी दक्षता घेतली नसती तर साठ वर्षांचे ते दफ्तर असून नसल्यासारखे झाले असते.

समुद्राचेही असेच आहे. 1966 साली स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या उथळ पाण्याचे वर्षानुवर्षे निरीक्षण चालविले, म्हणून आपल्याला कळले की, पावसाळ्यात खोलातले थंड आणि आधीच प्राणवायूला पारखे झालेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते, पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्याचा हवेशी असलेला व्यवहार तोडतो, आणि तळाशी कुजणाऱ्या द्रव्यापायी उरलासुरला प्राणवायूही भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास इतका सरतो की, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तेथे आढळतो. वरून पाहणाऱ्यास लाटा नेहमीसारख्याच दिसतात! एखाददुसऱ्या सफरीत हाती येणारे हे ज्ञान नव्हे. परंतु नवे यंत्र घेण्याला जी मंजुरी तत्परतेने मिळते, ती रोज नोंद करणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. आणि काटकसरीची कात्री प्रथम त्याच्याच जागेवर चालते, हे मला सरळसरळ अदूरदर्शीपणाचे वाटते.

येथून जवळच थळ-नवगावचे कोळी बांधव राहतात. भरती-ओहोटीच्या ओढीवर भरणारी डोल ही जाळी कोणत्या तिथीस लावावी, उधाणात पाणी कसे धावते आणि भांगात कसे मंदावते, हा हिशेब त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. बोंबील आणि जवळा यांच्या येण्याजाण्यातले फेरफार त्यांच्या ध्यानात आधी येतात, कारण त्यांच्या चुली त्यावर पेटतात. मात्र हे सारे कोणत्याही दफ्तरी दाखल होत नाही.

म्हणून यजमानाच्या हक्काने दोन मागण्या आपल्यापुढे ठेवतो. जी निरीक्षणे आज चालू आहेत त्यांत खंड पडू देणार नाही अशी तजवीज सरकारदरबारी करून घेण्याचा ठराव या परिषदेने करावा. आणि या किनाऱ्याच्या पाण्यासंबंधी जे काही निष्पन्न होईल ते मच्छीमार सोसायट्यांना मराठीतून कळवावे, तसेच त्यांच्या तांडेलांचे अनुभव रीतसर लिहून घ्यावे. आमच्या व्यवस्थेत जी न्यूनता आढळेल तिच्याकडे आपण उदार मनाने पाहाल अशी आशा बाळगून, आपणा सर्वांचे स्वागत करतो आणि अध्यक्षमहाराजांनी परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा अशी त्यांना विनंती करतो.