पिंजणाचा ताल

बालपण आठवायला बसलं की आपण बहुधा सुखाच्या गोष्टी वेचून काढतो. चिंचा, ओढा, सुटीतले दिवस. त्यात गैर काही नाही. पण घरात पैसा नसताना मोठी माणसं कशी वागली, कुणी टाकून बोललं तर काय म्हणाली, हेही मूल गुपचूप पाहत असतं. पुढे अडचण आली की तेच पाहिलेलं उपयोगी पडतं.

आम्ही पिंजारी. अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांतून फिरायचे. थंडीच्या तोंडावर आणि लग्नसराईआधी काम जास्त. पावसाळ्यात कापूस ओलसर होई, काम थांबे. ते महिने उधारीवर निघत. सुटीत मी त्यांच्याबरोबर जाई. कुणाच्या तरी ओसरीत जुनी गादी उसवायची, दडस झालेला कापूस हातानं मोकळा करायचा. मग अब्बा पिंजणाच्या तातीवर लाकडी ठोकळा मारायचे. तात थरथरली की गठ्ठा सुटून कापूस हलका होऊन उडे, धूळ खाली बसे. संध्याकाळी अब्बांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत, रात्री खोकला. वृत्त, मात्रा मी पुढे शाळेत शिकलो. ताल त्याआधीच कानात बसला होता.

भाषाही अशीच बसली. घरात दखनी, मशिदीत अरबी अक्षरं, शाळेत आणि लोकांच्या ओसरीवर मराठी. काम चाललेलं असताना घरातल्या आज्या गोष्टी सांगत, बोलता बोलता म्हणी पेरत. म्हणून 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' असं कुणी विचारलं की मला राग येत नाही, नवल वाटतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 17व्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं गाजवली. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा माझ्यासारखे कितीतरी जण आहेत हे मला कळलं.

मी बी.ए. करत होतो, त्या काळात तालुक्याच्या गावी विजेवर चालणारं पिंजायचं यंत्र आलं. अब्बांचं दिवसाचं काम ते तासाभरात उरके. अब्बांनी पिंजण भिंतीला टांगलं आणि त्याच यंत्रवाल्याकडे गाद्या शिवायला बसले. त्यांचं वय पन्नाशीचं, मालक पंचविशीतला. पहिल्या आठवड्याची मजुरी त्यांनी नेहमीसारखीच अम्मीच्या हातावर ठेवली. घरात त्यावर चर्चा झाली नाही. माझी फी मात्र वेळेवर भरली गेली.

डिसेंबर 1992 मध्ये अयोध्येत मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली उसळल्या. त्याच थंडीत एका खेड्यातल्या लग्नघरच्या गाद्या शिवायचं काम अब्बांनी घेतलं होतं, विसारही घेतला होता. अम्मी म्हणाली, सध्या गावं नकोत. अब्बा निघाले, मीही गेलो. पारावर पोरं बसली होती. कुणी वाईट बोललं नाही, पण नेहमीचा रामरामही झाला नाही. लग्नघरच्या आजींनी मात्र दरवेळेसारखी भाकरी वाढली आणि 'उशीर झालाय, इथंच निजा' म्हणाल्या. आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी काम पुरं करून परतताना मी विचारलं, "अब्बा, डर नई लगा?" ते म्हणाले, "लगा ना. पन शादी की तारीख थोडीच बदलती?"

या वाक्यात त्यांना काही मोठं सांगायचं नव्हतं. ते कामाबद्दलच बोलत होते. पण पुढे माझी नोकरी सुटली, अम्मीचं आजारपण आलं, तेव्हा मला हेच वाक्य पुरलं. भीती वाटत असतानाही कबूल केलेलं काम वेळेत करणं, याला मी धीर म्हणतो.

आज आपण मुलांना झळ लागू नये म्हणून घरातल्या अडचणी त्यांच्यापासून लपवतो. हेतू चांगलाच असतो. पण मग अडचणीतून वाट कशी काढायची, हे ती कुणाकडे पाहून शिकणार? या महिन्यात पैसे कमी आहेत, हे मुलांसमोर शांतपणे बोलायला हरकत नाही. ती घाबरतील, प्रश्न विचारतील. त्यांना उत्तरं द्यावीत आणि पुढच्या महिन्याचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा.